सुसानाबाईंची घरातली शाळा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र असतेच. अहिल्याबाई झाल्या, पंडिता रमाबाई झाल्या, डॉ. आनंदीबाई जोशी तर दोनदा झाल्या. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्याकडे सोपविले, तेव्हा मी जे नाव सुचविले ते ऐकून कार्यकारिणीतील भगिनी एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. सुसाना वेस्ली! ही कोण?

मुंबई-पुण्यात मेथॉडिस्ट चर्च अशी पाटी आपल्यापैकी पुष्कळजणींनी जाता-येता वाचलेली असेल. तो पंथ ज्यांनी काढला त्या जॉन वेस्ली यांची ही आई. मेथॉडिस्ट लोकांत हिचे नाव चांगले ठाऊक आहे. परंतु ती मोठ्या मुलाची आई होती म्हणून मी तिच्यावर लिहीत नाही. तिने सुमारे वीस वर्षे आपल्या घरात, आपल्याच मुलांसाठी, एक शाळा चालविली. ती कशी चालविली हे तिने स्वतः लिहून ठेवले. आणि ते वाचताना मला माझी फजिती आठवली, म्हणून.

ती फजिती आधी सांगून टाकते. २०२० साली टाळेबंदी लागली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन नातवंडांच्या तीन शाळा भरू लागल्या. एक पहिलीत, एक चौथीत, एक सातवीत. मी जन्मभर शिक्षिका. चाळीस-चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेला. तीन पोरांचे ते काय! पहिल्या आठवड्यात मी सुरेख वही घातली, तिघांसाठी तीन रकाने आखले. दुसऱ्या आठवड्यात धाकटी टेबलाखाली, मधला फोनात, थोरली रडत, आणि वही कुठे गेली ती आजतागायत सापडलेली नाही. घरची शाळा ही शाळेतल्या शाळेहून अवघड असते, हे मला तेव्हा कळले. तर अशा शाळेची गोष्ट ऐका.

सुसानाबाईंचा जन्म लंडनमध्ये २० जानेवारी १६६९ रोजी झाला. इकडे त्या वेळी शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून राजगडावर परतले होते आणि राज्याभिषेकाला अजून पाच वर्षे होती. वडील डॉ. सॅम्युएल अ‍ॅनेस्ली हे सरकारी चर्चच्या बाहेर राहिलेले, स्वतंत्र बाण्याचे धर्मोपदेशक. त्यांना पंचवीस मुले झाली. सुसाना त्यांतले शेंडेफळ. घरात विद्वानांची ये-जा, पुस्तके आणि वादविवाद. बाराव्या-तेराव्या वर्षी या मुलीने दोन्ही बाजूंचे म्हणणे स्वतः तपासून पाहिले आणि वडिलांचा पंथ सोडून सरकारी चर्च पत्करले. आश्चर्य असे, की वडिलांनी तिला त्याबद्दल दूर लोटले नाही.

१६८८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सॅम्युएल वेस्ली या तरुण धर्मोपदेशकाशी त्यांचे लग्न झाले. गृहस्थ बुद्धिमान, कवी, प्रामाणिक. पण पैशाच्या बाबतीत अगदी कच्चे. पुढे त्यांना लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ गावची धर्मगुरूची जागा मिळाली. भोवताली दलदल, पावसाळ्यात बेटासारखे तुटणारे गाव, लोक रांगडे आणि भांडखोर. वेतन वर्षाला सुमारे दोनशे पौंड, म्हणजे त्या काळी वाईट नव्हे. पण धर्मगुरूंच्या डोक्यावरचे कर्ज काही उतरेना. १७०५ साली तीस पौंडांहूनही कमी रकमेसाठी एका सावकाराने त्यांना लिंकनच्या तुरुंगात घातले. बाईंनी घरातले एकमेव किडूकमिडूक, म्हणजे आपल्या अंगठ्या, तुरुंगात पाठवून दिल्या. नवऱ्याने त्या परत केल्या. त्या सुमारास यॉर्कच्या आर्चबिशपांनी बाईंना विचारले, की घरात कधी भाकरीची वाण पडली का? बाईंनी उत्तर दिले ते असे, की भाकरी अगदीच नव्हती असे म्हणता यायचे नाही. पण ती मिळवायला आधी इतकी यातायात आणि खाल्ल्यावर तिचे पैसे फेडायला इतकी यातायात, की तोंडात गेलेला घास गोड लागत नाही. संसार केलेल्या कोणत्याही बाईला यावर टीप लागणार नाही.

बाईंना एकोणीस बाळंतपणे झाली. नऊ मुले तान्हेपणीच गेली. दहा जगली, तीन मुलगे, सात मुली. थोरला सॅम्युएल १६९० चा आणि धाकटी केझी १७०९ ची. मधली एमिलिया, सुकी, मॉली, हेटी, नॅन्सी, जॅकी म्हणजे पुढचे जॉन, पॅटी आणि चार्ल्स. ही नावे जरा लक्षात ठेवा, पुढे लागतील.

नवराबायकोत सारे गोडीगुलाबीचे होते असेही नाही. एकदा संध्याकाळच्या प्रार्थनेत राजा विल्यम यांच्यासाठी प्रार्थना झाली, तेव्हा बाई गप्प राहिल्या. त्यांच्या मते तो खरा राजा नव्हता. नवरोबांच्या ध्यानात आले आणि ते चिडले. घरात राजे दोन असतील तर अंथरुणेही दोन असली पाहिजेत, असे बजावून ते घर सोडून निघून गेले. बाईंनी माफी मागितली नाही. मनात नसलेली गोष्ट तोंडाने कशी म्हणू, हा त्यांचा सवाल. १७०२ मध्ये विल्यम वारला, ॲन राणी आली, घराला एक लहानशी आगही लागली, आणि गृहस्थ परत आले. जॉनचा जन्म त्यानंतरचा, जून १७०३ चा.

आता शाळेकडे वळू.

शाळा सुरू झाली ती थोरल्या सॅम्युएलपासून. हा मुलगा जवळजवळ पाच वर्षांचा होईपर्यंत बोललाच नव्हता. आईबापांनी आशा सोडली होती. एके दिवशी तो सापडेना. शोधाशोध चालली असता टेबलाखाली मांजर घेऊन बसलेल्या त्या मुलाने आपण इथे आहोत असे स्पष्ट सांगितले, आणि तेव्हापासून बोलू लागला. पाचवा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला अक्षरे शिकवायला घेतले. फेब्रुवारी महिना होता. अक्षरे येताच बायबलचा पहिला अध्याय, पहिली ओवी, एक एक शब्द फोडून, पुन्हा पुन्हा, अडखळणे थांबेपर्यंत, मग दुसरी. तीन महिन्यांत तो अध्यायच्या अध्याय नीट वाचू लागला.

यावरून बाईंनी नियमच करून टाकला. पाच वर्षे पुरी होईपर्यंत कोणालाही शिकवायचे नाही. पाचव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी एका दिवसात सगळी अक्षरे. त्यासाठी आदल्या दिवशी सारे घर आवरून ठेवायचे, मोठ्या भावंडांना आपापले काम नेमून द्यायचे, आणि सकाळी नऊ ते बारा व दुपारी दोन ते पाच त्या खोलीत कोणी पाऊल टाकायचे नाही, अशी सक्त ताकीद द्यायची. तो दिवस फक्त त्या एका मुलाचा. आठदहा माणसांच्या घरात एका मुलाला आईचा अख्खा दिवस मिळतो, म्हणजे काय चैन झाली असेल, कल्पना करा! प्रत्येक मूल खरोखरच एका दिवसात अक्षरे शिकले. मॉली आणि नॅन्सी या दोघींना मात्र दीड दिवस लागला. त्याबद्दल बाईंनी त्या दोघींना मंद ठरवून टाकले होते. पुढे दुसऱ्यांच्या घरी मुले अक्षरपाटी घेऊन किती महिने घोकत बसतात हे पाहिल्यावर, आपला तो समज चुकीचा होता अशी कबुलीही त्यांनी लिहून ठेवली आहे.

रोजची शाळा याच वेळांत भरायची. नऊ ते बारा, दोन ते पाच, सहा तास. बोलणे मोठ्याने नाही, खेळणे नाही, ज्याने त्याने आपल्या जागी. सबळ कारणाविना जागेवरून उठायचे नाही. परवानगीवाचून अंगणात, बागेत किंवा रस्त्यावर धावत सुटणे हा तर सर्वांत मोठा गुन्हा. खोली काही खास नव्हती. घर लाकडाचे, गिलाव्याचे, गवताने शाकारलेले. बाके, फळा, नकाशे असले काही असल्याचे वर्णन नाही. बाईंनी खोली सजविली नाही, खोलीची वेळ सांभाळली. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. आम्ही टाळेबंदीत टेबलावर रंगीत कागद लावले, पेन्सिलींचे डबे मांडले, आणि दाराची बेल वाजली की उठून गेलो.

शाळेच्या मागे घराची शिस्त होती, तिच्यावाचून हे चालले नसते. लहान मुलांचे जेवण मोठ्यांच्या टेबलाशेजारी छोट्या टेबलावर. हवे ते मोलकरणीच्या कानात हळूच सांगायचे. दोन जेवणांच्या मध्ये काही मागायचे नाही, आणि स्वयंपाकघरात जाऊन गड्यांकडे हात तर पसरायचाच नाही. संध्याकाळी सहाला प्रार्थना आटोपून रात्रीचे जेवण. सातला मोलकरीण धाकट्यापासून सुरुवात करून एकेकाला धुवायची, कपडे बदलायची. आठ वाजता सगळे अंथरुणात, आणि कोणाच्याही उशाशी झोप लागेपर्यंत बसायचे नाही. धर्मगुरूच्या घरात गडीमोलकरणी होत्या, हे आपण विसरता कामा नये. पण गडीमाणसे असलेल्या किती घरांत वेळ पाळली जाते?

बाईंच्या चिकाटीची एक हकीकत जॉन वेस्ली पुढे सांगत. वडील एकदा शेजारी बसून मोजत होते. बाईंनी एका मुलाला एकच गोष्ट वीस वेळा सांगितली. नवरोबा म्हणाले, त्या मठ्ठ पोराला तीच गोष्ट वीसदा सांगण्यात काय हशील? बाई म्हणाल्या, एकोणीस वेळा सांगून थांबले असते तर सारी मेहनत फुकट गेली असती. विसाव्यांदा त्याला कळले.

आणि एक नियम तर आपल्या मंडळाच्या भिंतीवर लावावा असा आहे. कोणत्याही मुलीला, ती उत्तम वाचू लागेपर्यंत, शिवणकाम शिकवायचे नाही. आणि मग जेवढा वेळ वाचनाला दिला तेवढाच शिवणाला. बायकांना चारचौघांत ऐकण्याजोगे वाचता येत नाही याचे कारण हेच, की त्यांच्या हाती पुस्तकाच्या आधी सुई दिली जाते, असे बाईंचे मत होते. ही गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीची! आपल्या शिवणवर्गाला जागा पुरत नाही आणि वाचनालयाचे कपाट सहा महिन्यांत उघडत नाही, हे मी रागाने म्हणत नाही, पण म्हणते.

हेटी आठव्या वर्षी ग्रीक भाषेतून बायबल वाचत असे. मुलगी, बरे का.

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री घराला आग लागली. छपराचे पेटते गवत एका मुलीच्या बिछान्यावर पडले तेव्हा जाग आली. गवताचे छप्पर, लाकडाच्या भिंती. काही मिनिटांत सारा वणवा. बाईंना आठवा-नववा महिना. खिडकीतून उतरणे शक्य नव्हते. तीनदा दाराकडे गेल्या, तीनदा ज्वाळांनी मागे रेटले. शेवटी ज्वाळांतूनच चालत बाहेर आल्या, हात आणि तोंड भाजले. बाहेर मुले मोजली तर साडेपाच वर्षांचा जॅकी नाही. जिना पेटलेला. वडील आत शिरेनात म्हणून गुडघे टेकून त्याचा आत्मा देवाच्या स्वाधीन करू लागले. तेवढ्यात मुलगा माडीच्या खिडकीत दिसला. शिडी आणायला वेळ नव्हता. एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला आणि पोराला खाली ओढले. त्याच क्षणी छप्पर आत कोसळले. थोरला सॅम्युएल लंडनच्या शाळेत होता. घरची आठही मुले वाचली. धर्मगुरूंची पुस्तके, हस्तलिखिते, बाईंनी मुलांसाठी लिहून तयार केलेले कागद, सगळ्याची राख झाली. पुढच्याच महिन्यात केझीचा जन्म झाला.

घर विटांचे बांधून व्हायला वर्ष गेले. तेवढ्या काळात मुले शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे आणि नातलगांकडे विखुरली गेली. परत आली तेव्हा बाईंच्या म्हणण्याप्रमाणे सारी शिस्त मोडली होती. मुले गावंढळ बोलू लागली होती, गड्यांशी मोकाट हिंडू लागली होती, रविवार पाळीनाशी झाली होती, कसली कसली गाणी शिकून आली होती. इतक्या वर्षांची घडी एका वर्षात विस्कटली. आपणापैकी कोणी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. बाईंनी शाळा नव्याने बसविली, आणि ती आधीपेक्षा अधिक पक्की.

यात दोन नव्या गोष्टी होत्या. एक म्हणजे सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी सुटताना स्तोत्र म्हणणे. दुसरी माझ्या दृष्टीने फार मोलाची. पाच वाजता शाळा सुटली की थोरल्या भावंडाने सर्वांत धाकट्या, बोलता येणाऱ्या भावंडाला घ्यायचे. दुसऱ्याने त्याच्या वरच्याला. अशा जोड्या करून थोरल्याने धाकट्याला त्या दिवसाचे स्तोत्र आणि बायबलचा एक अध्याय वाचून दाखवायचा. सकाळीही न्याहारीपूर्वी तसेच. म्हणजे थोरल्याचा वाचनाचा सराव झाला, धाकट्याचे ऐकणे झाले, आणि आईचे दोन्ही हात मोकळे राहिले. मुले जास्त असली की आई एकटी पुरी पडत नाही, हे बाईंनी ओळखले होते. आमच्या सातवीतल्या नातीला पहिलीतल्या नातीजवळ बसवायचे मला सुचले ते टाळेबंदी उठता उठता!

जळालेली पुस्तकेही त्यांनी पुन्हा लिहायला घेतली. जानेवारी १७१० मध्ये, म्हणजे आगीला वर्षही झाले नव्हते तेव्हा, त्यांनी सुकीला लांबलचक पत्र लिहिले. ते पत्र म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या मूलतत्त्वांवरचे पाठ्यपुस्तकच आहे. पुढे दहा आज्ञांवर लिहिले. एमिलियासाठी आई आणि मुलगी यांच्या संवादाच्या रूपाने आणखी एक पुस्तक लिहिले. मनासारखे पुस्तक बाजारात मिळत नाही, तर घरात बसून लिहावे, एवढा सरळ हिशोब.

याच सुमारास एक योगायोग घडला आणि त्याचा धागा आपल्या देशाशी आहे. मद्रासच्या दक्षिणेला तरंगमबाडी नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. तिथे तेव्हा डेन्मार्कच्या लोकांची वखार होती. १७०६ साली डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले दोन तरुण मिशनरी तिथे उतरले, तमिळ शिकले, शाळा काढल्या. त्यांच्या कामाचा वृत्तांत इंग्रजीत छापला गेला होता. एमिलियाला तो वडिलांच्या खोलीत सापडला आणि तिने आईला वाचून दाखविला. बाई अनेक दिवस त्याच विचारात राहिल्या. आपण पुरुष नाही, धर्मगुरू नाही. तरी याहून काही अधिक करता येईल की नाही? त्यांनी ठरविले, आपल्या मुलांपासून सुरुवात करायची. शाळेत सर्वांना एकत्र शिकविणे चालले होतेच. आता रोज रात्री एका मुलाशी एकटीने बसून बोलायचे.

त्यांनी वारच लावून घेतले. सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, बुधवारी नॅन्सी, गुरुवारी जॅकी, शुक्रवारी पॅटी, शनिवारी चार्ल्स, आणि रविवारी एमिलिया व सुकी दोघी मिळून. केझी अजून लहान होती. ही यादी त्यांनी फेब्रुवारी १७१२ च्या पत्रात नवऱ्याला लिहून कळविली. बाईंच्या शाळेत हजेरीपट नव्हता, गुणपत्रक नव्हते. माझ्या मते ही सात ओळींची यादी हेच त्यांचे दप्तर होते. कोणाचे काय चालले आहे, कोणाला काय डाचते आहे, कोण मागे पडते आहे, हे आठवड्यातून एकदा ठरल्या वारी समजून घ्यायचे. आठ मुलांत एखादे गप्प राहणारे मूल हरवून जाते, तसे इथे हरवत नव्हते. जॉन वेस्ली पुढे ऑक्सफर्डच्या कॉलेजात फेलो झाले, मोठे विद्वान म्हणून गणले जाऊ लागले, तेव्हा त्यांनी आईला पत्र घातले, की पूर्वी गुरुवारी संध्याकाळी जेवढा वेळ मला देत होतीस त्यातला थोडा अजूनही देशील का?

त्याच हिवाळ्यात नवरोबा सभेसाठी लंडनला होते. त्यांच्या जागी आलेला मदतनीस कंटाळवाणा होता. बाई रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलांना आणि गडीमाणसांना एखादे प्रवचन वाचून दाखवीत. गड्याने आपल्या आईबापांना सांगितले, त्यांनी शेजाऱ्यांना. आणि बघता बघता दोनशेवर माणसे जमू लागली, पुष्कळांना जागा नाही म्हणून परत जावे लागे. मदतनिसाने लंडनला तक्रार धाडली. नवऱ्याने लिहिले, हे बंद करावे. बाईमाणसाने असे करणे चारचौघांत बरे दिसत नाही. बाईंनी उत्तर पाठविले ते मोठे मुद्देसूद आहे. बंद कराच असे वाटत असेल तर नुसती इच्छा कळवू नका, स्पष्ट हुकूम द्या. म्हणजे देवापुढे जाब देताना मला सांगता येईल की हुकूम होता. हुकूम काही आला नाही.

आता जे पटत नाही तेही सांगितले पाहिजे. मूल वर्षाचे झाले की त्याला छडीचे भय घालून हळू आवाजात रडायला शिकविले जाई. मुलाची इच्छा लवकर मोडली पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त होता. मला तो वाचवत नाही. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला आणि पुढे ताराबाईंनी बोर्डी-कोसबाडला याच्या नेमके उलट शिकविले, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. तरी न्यायाने पाहिले तर त्याच बाईंचे दुसरे नियम असे होते: चूक आपण होऊन कबूल करणाऱ्याला मार नाही, एका चुकीबद्दल दोनदा शिक्षा नाही, की मागून टोमणा नाही, चांगले वागल्याचे कौतुक व्हायलाच हवे, करायला गेलेले बिघडले तरी हेतू चांगला असेल तर गोड मानून घ्यायचे, आणि कोणाची टाचणीसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही. त्या काळच्या शाळांत वेताशिवाय दुसरी भाषा नव्हती, हेही ध्यानात घ्यावे.

मुलांचे पुढे काय झाले? मुलगे लंडनच्या शाळांत आणि तिथून ऑक्सफर्डला गेले. जॉन यांनी पंथ स्थापिला, चार्ल्स यांनी हजारो स्तोत्रे रचली. ऑक्सफर्डला त्यांच्या घड्याळी वागण्यावरून टवाळ मुलांनी त्यांना मेथॉडिस्ट म्हणजे पद्धतवाले असे नाव ठेवले, आणि तेच पंथाचे नाव झाले. ती पद्धत कोणत्या खोलीतून आली होती हे आता सांगायला नको.

आणि मुली? त्यांना भावांइतकेच शिकविले. पण शिकून जायचे कुठे? ऑक्सफर्डचे दार त्यांना बंद. एमिलियाने दुसऱ्यांच्या शाळांत राबून पुढे स्वतःची शाळा काढली. लग्न उशिरा झाले, सुखाचे झाले नाही. पॅटीचा नवरा बाहेरख्याली निघाला. तान्हेपणी दुखापतीने अधू झालेली मॉली लग्नानंतर वर्षभरात बाळंतपणात गेली. सर्वांत हुशार हेटी. ती एका माणसाबरोबर पळून गेली, त्याने फसविले, आणि १७२५ मध्ये एका नळकाम करणाऱ्या अशिक्षित माणसाशी तिचे लग्न लावून देण्यात आले. तिची मुले एकामागून एक गेली. तिने त्या दुःखाच्या कविता लिहिल्या. वडिलांनी तिला जवळ केले नाही. तिची बाजू घेतली ती जॉन यांनी आणि मॉलीने. बाई तिच्यासाठी नवऱ्यापुढे ठामपणे उभ्या राहिल्या असे दिसत नाही. राजासाठी आमेन न म्हणणारी, दोनशे माणसांसाठी नवऱ्याला हुकूम मागणारी ही बाई मुलीसाठी का अडली? मंगळवार हेटीचा होता ना? मी या ठिकाणी पुस्तक मिटून ठेवले होते, ते दोन दिवसांनी उघडले.

१७३५ साली सॅम्युएल वारले. मागे कर्ज. बाईंना पुढची वर्षे मुलांच्या घरी आळीपाळीने काढावी लागली; आधी एमिलियाकडे, मग थोरल्या सॅम्युएलकडे, पॅटीकडे, शेवटी लंडनला जॉन यांच्याकडे. १७३२ मध्ये जॉन यांनी पुष्कळ आग्रह केला, तेव्हा ६३ वर्षांच्या बाईंनी आपल्या घरशाळेची पद्धत पत्राने लिहून पाठविली होती. लिहायला त्या नाखूश होत्या. आपल्या उमेदीची वीस वर्षे मुलांवर घालायची तयारी फार थोड्यांची असते, तेव्हा ही पद्धत दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल असे त्यांना वाटत नव्हते.

२३ जुलै १७४२ रोजी लंडनमध्ये बाई वारल्या. भोवती जॉन आणि मुली होत्या. आपण गेल्यावर स्तोत्र म्हणा असे त्यांनी सांगून ठेवले होते, तसे मुलांनी म्हटले. बनहिल फील्ड्सच्या दफनभूमीत त्यांना पुरले. एपवर्थचे विटांचे घर आता संग्रहालय झाले आहे. आणि आईचे ते १७३२ चे पत्र जॉन यांनी तिच्या मृत्यूच्या नोंदीसोबत आपल्या रोजनिशीत छापून टाकले. नऊ ते बारा, दोन ते पाच, शिवणाआधी वाचन, आणि मॉली व नॅन्सी यांना अक्षरे शिकायला दीड दिवस लागला होता, हेही त्यात आहे.